आजोबांच्या रिव्हॉल्वरचा बार

मोडकी वस्तू दिसली की डेल्मर योकमचे हात शिवशिवायचे. एकतीस वर्षं त्याने हॉलिस फोर्डच्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर जीपमधून टपाल वाटलं, आणि टपालाबरोबर लोकांच्या घरची दुखणीही गोळा केली. कुणाचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा घसा बसलेला रेडिओ. पत्र द्यायचं, यंत्र उचलायचं, आठवड्याने चालू करून परत द्यायचं. एक सेंट घ्यायचा नाही. कौतुक मात्र दोन्ही हातांनी घ्यायचा. "डेल्मर, तुझ्या हातात जादू आहे रे," असं कुणी म्हटलं की हा दिवसभर जेवला नाही तरी चालायचं.

आणि एखादी वस्तू चालू झालीच नाही तर? मग ती परतच द्यायची नाही! मालक विचारायला आला की म्हणायचं, "चाललंय काम." व्हर्नी क्राउच नावाच्या बाईच्या लोणी घुसळायच्या यंत्राचं काम सोळा वर्षं चाललं होतं. शेवटी बाई देवाघरी गेली, पण डेल्मरने हार मानली नाही.

असा हा माणूस अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत निवृत्त झाला आणि घरी बसला. आठच दिवसांत त्याने बायकोचं चालू असलेलं धुलाईयंत्र 'नीट' केलं. नदीनने कपाळावर हात मारला.

"अहो, बंद पडलेलं काहीतरी शोधा ना! चालत्याचे हातपाय कशाला मोडताय?"

तो गोठ्यात गेला, धान्याच्या जुन्या पेटीत हात घातला आणि तेलकट गोणपाटात गुंडाळलेलं आजोबांचं रिव्हॉल्वर घेऊन आला.

आजोबा म्हणजे एल्डन योकम. बावीस वर्षं या गावचे फौजदार. गावाला त्यांची एकच गोष्ट पुरते. एकतीस साली दोन परगावचे लुटारू बँकेतून थैली घेऊन बाहेर पडले, तर समोर रस्त्याच्या मधोमध एल्डन उभे, हातात हेच रिव्हॉल्वर. म्हणाले, "पोरांनो, तुरुंग इथून साठ पावलांवर आहे. मुकाट्याने चला, माझं जेवण थंड होतंय." हात असा की पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. दोघांनी आपापली हत्यारं टाकली आणि साठ पावलं मोजून चालत गेले. एक गोळी सुटली नाही. ऑगस्टात गाव वसल्याची जत्रा भरते तेव्हा दरवर्षी ही गोष्ट भोंग्यावरून सांगतात, आणि दरवर्षी लोक पहिल्यांदाच ऐकल्यासारखे टाळ्या वाजवतात. आम्हाला दुसरं आहे काय!

डेल्मरला मात्र त्या रिव्हॉल्वरची एक टोचणी होती. ते कायम स्वयंपाकघरातल्या खुंटीला लटकलेलं असायचं. नऊ-दहा वर्षांचा असताना तो आणि त्याचा चुलतभाऊ ते काढून घ्यायचे आणि गुरांमागे पळत चाप ओढायचे. खट्, खट्, खट्. शेकडो वेळा. आजोबा पायरीवर बसून हसायचे, कधी ओरडले नाहीत. पण वर्षभराने डेल्मरने कुठेतरी वाचलं की रिकामं रिव्हॉल्वर असं खटखटवलं की आतलं टोक तुटतं. त्याने गुपचूप बघितलं. घोडा म्हणजे मागून आपटणारा हातोडा. त्याच्या तोंडाशी हरभऱ्याएवढं टोक असतं, ते गोळीच्या बुडावर टोचतं तेव्हा बार उडतो. आमच्याकडे त्याला नाक म्हणतात. आजोबांच्या घोड्याला नाक नव्हतं.

पन्नास वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नाही. फौजदार एल्डनचं रिव्हॉल्वर त्यांच्याच नातवाने पोरखेळात मोडलं, हे सांगायचं कुणाला? मग नदीला पूर आला, गोठ्यात कमरेएवढं पाणी चढलं, आणि रिव्हॉल्वर गंजून बटाट्याच्या सालीसारखं झालं. तेव्हा डेल्मरला वाईट वाटायच्या ऐवजी जरा हायसंच वाटलं होतं. आता मोडलेलं कुणाला दिसणार नव्हतं. याचीही त्याला लाज वाटायची.

"यंदाच्या जत्रेत खेचरांची शर्यत याच्या बाराने सुटेल," त्याने व्हर्जिल स्टँप्सच्या लोखंडी सामानाच्या दुकानात सगळ्यांसमोर जाहीर केलं. शेगडीभोवती कॉफी पीत बसलेले सगळे हसले. सगळ्यात जास्त व्हर्जिल. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि शाळेपासूनचाच दुष्मन.

"हे? अरे, याला डॉक्टर नको, पाद्री बोलाव!"

"ऑगस्टात बघू."

"वाजलं ना, तर भर जत्रेत मिशी उतरवीन. दुकानासमोर खुर्ची टाकून!" व्हर्जिलची मिशी तीस वर्षांची होती आणि ती त्याच्या बायकोपेक्षा जास्त लाडकी होती. दुकानात एकच गलका झाला. संध्याकाळपर्यंत ही पैज चर्चपासून गिरणीपर्यंत पोचली.

मग काय, योकमांच्या घराची रया गेली. पहिल्यांदा नदीनचं पाव भाजायचं भांडं गेलं. त्यात रॉकेल आणि तेल ओतून रिव्हॉल्वर तीन आठवडे बुडवून ठेवलं. तरी बाजूचा एक स्क्रू हलेना. साधा पेचकस लावला की खाचेचे कान तुटतात, आणि कान तुटले की येणाजाणाऱ्याला कळतं की कुणा धसमुसळ्याच्या हातात पडलं होतं. म्हणून डेल्मरने प्रत्येक खाचेच्या मापाचा वेगळा पेचकस कानशीने घासून केला. स्क्रूला चटका द्यायचा, तेलाचा थेंब सोडायचा, हलकेच ठोकायचं, आणि उद्या यायचं. एकविसाव्या दिवशी स्क्रू केसभर फिरला तेव्हा तो एवढ्यांदा ओरडला की नदीन कणकेचे हात घेऊन धावत आली.

"काय झालं? साप?"

"फिरला!"

"कोण?"

"स्क्रू, स्क्रू!"

"मला वाटलं तुमचं डोकं. ते जानेवारीतच फिरलंय म्हणा."

बहुतेक हौशी लोक इथेच घाण करतात. फिरत्या चाकावर धरून पोलाद आरशासारखं चमकवतात. कडा गोल होतात, अक्षरं पुसतात, आणि म्हाताऱ्याला नवरदेव केल्यासारखं काहीतरी केविलवाणं हातात येतं. डेल्मर तसला नव्हता. त्याचा एकच नियम होता. आजोबांच्या हातात जसं होतं तसंच झालं पाहिजे. पुराचा गंज काढायचा, आजोबांच्या खुणांना हात लावायचा नाही. नळीच्या तोंडाशी म्यानात घासून पांढरा झालेला पट्टा तसाच ठेवला. मुठीच्या लाकडाचा टवका तसाच ठेवला. आजोबांनी म्हणे एकदा त्या मुठीने कुंपणाचा खिळा ठोकला होता. एकेका ओरखड्यापाशी तो भिंग घेऊन बसायचा. हा पुराचा की आजोबांचा? शंका आली तर ओरखडा आजोबांचा.

मग काळा रंग चढवणं. हे काम सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं. पोलाद आधी तेलाचा अंश राहणार नाही असं धुवायचं, औषध फासायचं, दमट जागेत लटकवून मुद्दाम नवा गंज चढू द्यायचा, मग पाण्यात उकळायचं. लाल गंज काळा होतो. तो तारेच्या बोळ्याने हलके उतरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. आठ वेळा. दमट जागा म्हणजे घरातली एकुलती एक मोरी. उकळायला नदीनचं लोणच्याच्या बरण्यांचं मोठं पातेलं. आठवडाभर त्या घरात कुणी धड अंघोळ केली नाही.

"रविवारी चर्चला जायचंय, आणि मोरीत तुमचे आजोबा लटकताहेत!" नदीन दाराबाहेरून ओरडायची.

"फक्त दोन तास! अजून लाल झाले नाहीत!"

या सगळ्यात एकच माणूस थंड होतं. ओपल आत्या. एल्डन फौजदारांची मुलगी, आता ऐंशीची. डेल्मर चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, बाप कामासाठी कॅन्सस सिटीला गेला तो तिकडचाच झाला. या आत्याने लग्न न करता त्याला वाढवलं. तिच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. ती दर गुरुवारी यायची, खुर्चीत बसायची आणि बघायची.

"चांगलं दिसतंय रे," म्हणायची. "पुसून भिंतीवर टांग आता. वाजवायचं कशाला?"

"आत्या, आवाजाला घाबरतेस?"

"मी? तुझ्या बापाला घाबरले नाही, आवाजाला घाबरीन?" असं म्हणून ती नदीनने भट्टीत भाजलेल्या ब्लॅकबेरीच्या पाईकडे वळायची. तिला वाटायचं, पोराला खेळू दे. वाजायचं तर नाहीच आहे.

पण जूनमध्ये डेल्मरला त्याच जातीच्या मोडक्या रिव्हॉल्वरमधलं अस्सल जुनं नाक टपालाने मिळालं. आजोबांच्या घोड्यातला जुना खुंट काढताना त्याला जरा नवल वाटलं. तुटलेलं टोक खडबडीत असतं. हे सपाट होतं, गुळगुळीत, कडेला बारीक समांतर रेघा. क्षणभर तो भिंग धरून थांबला. मग म्हणाला, आपणच खटखटवून खटखटवून घासलं असणार. ज्याला स्वतःचा गुन्हा पन्नास वर्षं पाठ आहे, तो दुसऱ्याचा हात कशाला शोधेल? खुंट त्याने कचऱ्यात टाकला, नवं नाक बसवलं, आणि माळावर जाऊन एक खोटं काडतूस उडवलं, नुसत्या बारुदाचं. ठो! डोंगरातून आवाज परत आला. डेल्मर गवतात बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून घरी आला. हे त्याने नदीनलाही सांगितलं नाही. जत्रेपर्यंत कुणालाच सांगायचं नव्हतं.

जत्रेच्या सकाळी तो पिकअप घेऊन आत्याला आणायला गेला. ती निळ्या फुलांची टोपी घालून तयारच होती. रिव्हॉल्वर दोघांच्या मध्ये सीटवर, नव्या फडक्यात. गिरणीच्या वळणावर याला राहवेना.

"आत्या, एक सांगू? रागावू नकोस. याचं नाक मी तोडलं होतं. लहानपणी. आजोबांना कधी सांगायचा धीर झाला नाही. पण आता नवं बसवलंय! आज वाजणार. व्हर्जिलची मिशी गेली समज!"

तो हसत होता. आत्या हसली नाही.

"गाडी थांबव," ती म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेतली.

"तू काही तोडलं नाहीस," आत्या म्हणाली. "पन्नास वर्षं हे उरावर घेऊन बसलास? गाढवा, मला विचारायचंस ना! ते बाबांनी घासलं. मी तेरा वर्षांची होते. कंदील माझ्या हातात होता."

डेल्मरने इंजिन बंद केलं.

"कोंबड्या चोरीला जायच्या. एका पहाटे धुक्यात खुराड्यापाशी कुणीतरी हललं. बाबा ओरडले, तो पळाला, बाबांनी गोळी झाडली. जाऊन बघतात तर टोपी पडलेली, टोपीला आरपार भोक, आणि शेजारी अकरा वर्षांचं पोर थरथरत बसलेलं. केसाला धक्का नाही. दोन बोटं खाली असती तर?" तिने फडक्यावर हात ठेवला. "बाबांनी त्याला घरात आणलं. आईने अंडी तळून खायला घातली. घरी तर त्याच्या खायलाच नव्हतं. तो गेल्यावर बाबा टेबलाशी बसले, कानस घेतली, आणि नाक सपाट केलं. म्हणाले, ओपल, हे या गावात पुन्हा बोलणार नाही. आणि तू कुणाला सांगायचं नाहीस, नाहीतर माझी फौजदारी उद्याच संपेल."

"म्हणजे बँकेसमोर..."

"बँकेसमोर हातात लोखंडाचा तुकडा होता. घरी आले आणि परसात जाऊन ओकले."

डेल्मरने फडकं उलगडलं. सहा महिने त्याने एकेक ओरखडा आजोबांचा म्हणून जपला होता. आणि आजोबांनी स्वतःच्या हाताने, मन घालून केलेली एकच खूण होती, तीच याने दुरुस्त केली. कचऱ्यात टाकली! त्याच्या छातीवरचा पन्नास वर्षांचा धोंडा उतरला होता, आणि त्याच जागी दुसरा येऊन बसला होता.

"पोर कोण होतं, आत्या?"

"ओटिस स्टँप्स. व्हर्जिलचा बाप. बाबांनी पुढे काय केलं ते त्यांनी त्याला सांगितलं होतं. मरेपर्यंत दर नाताळला एक कोंबडी आणून द्यायचा." तिने टोपी सारखी केली. "मी शब्द दिला होता, तो आज तुझ्यापाशी मोडला. आता तुझं तू बघ. मी काही सांगणार नाही."

जत्रेत सगळं गाव लोटलं होतं. कढयांत मासे तळले जात होते, चर्चच्या बायका मेजावर पाई मांडत होत्या. कुणीतरी खरोखरच न्हाव्याची खुर्ची दुकानासमोर आणून ठेवली होती, शेजारी फेस केलेला वाडगा. व्हर्जिल खुर्चीभोवती हसत फिरत होता, पण हात मिशीवर. त्याची अकरा नातवंडं त्याच्या पायांत घुटमळत होती, आणि त्यातली चार खेचरांवर बसून शर्यतीला उभी होती. डेल्मर त्यांच्याकडे बघत राहिला. कान ओटिसचे, नाक आपापल्या बापाचं, आणि सगळ्यांची बडबड व्हर्जिलची. कोंबड्या चोरणाऱ्या पोराची अख्खी टोळी!

भोंग्यावर बँकेची गोष्ट सांगून झाली. टाळ्या झाल्या. डेल्मर मंच म्हणून लावलेल्या गाडीवर चढला. काडतुसं त्याच्या खिशात होती, पिकअपमध्येच काढलेली. त्याने रिव्हॉल्वर वर केलं. काळंभोर पोलाद उन्हात असं देखणं दिसलं की पुढच्या रांगेतली माणसं "वाऽ" म्हणाली. तिथे अर्धा क्षण त्याला मोह झालाच. खिसा हाताशी होता. नुसतं बारुद, कुणाला खरचटलंही नसतं. आणि उभ्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं असतं.

त्याने चाप ओढला. खट्.

पुन्हा. खट्.

माणसं कुजबुजली. एक खेचर जांभई देऊन खाली बसलं. मग डेल्मरने भोंग्याचा माइक हिसकावून घेतला, छाती भरून घेतली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ठोऽऽऽ!"

चार खेचरं पुढे उधळली, दोन मागे, एक पाईंच्या मेजाकडे. बायका किंचाळल्या, पोरं हसून लोळली, आणि आमच्या जत्रेच्या इतिहासात इतकी वाईट आणि इतकी मजेदार शर्यत पुन्हा झाली नाही. व्हर्जिलची सात वर्षांची नात जिंकली, कारण तिच्या खेचराचं घर तिकडेच होतं.

व्हर्जिल गर्दीतून वाट काढत आला. लोकांना ओरडून ओरडून मिशी दाखवत होता.

"काय रे जादूगार! सहा महिने बायकोची अंघोळ बंद केलीस, आणि शेवटी तोंडाने वाजवलंस? काय झालं? आतला गंज निघेना का? आण, दुकानात आण, मी बघतो. का अजून 'चाललंय काम'?"

गाव ऐकत होतं. डेल्मरने त्याच्या मिशीकडे बघितलं, त्याच्या खांद्यावर चढलेल्या त्या जिंकलेल्या नातीकडे बघितलं. खाली, पहिल्या खुर्चीत, ओपल आत्या ताठ बसली होती आणि तिच्या हातातला रुमाल हलत नव्हता.

"नाही रे, व्हर्जिल," तो म्हणाला. "जमलं नाही मला."

हे शब्द डेल्मर योकमच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. व्हर्जिल तर चाळीस वर्षं त्यांचीच वाट बघत होता, आणि आता ते आले तर त्याला पुढे काय करायचं ते कळेना. तो इकडेतिकडे बघू लागला. मग मेजावरून दोन माशांचे तुकडे आणि मक्याचा पाव एका थाळीत घालून घेऊन आला.

"जाऊ दे," तो पुटपुटला. "जुनी वस्तू. कुणालाच जमलं नसतं. खा."

डेल्मर गाडीच्या काठावर बसून खाऊ लागला. ओपल आत्या काठी टेकत आली, त्याच्या शेजारी बसली, आणि भर जत्रेत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, तिने साठ वर्षांच्या त्या पोराच्या गालाचा मुका घेतला. व्हर्जिलला वाटलं, म्हातारी त्याचं सांत्वन करतेय.